फोर्टिंगॉलचं चर्च, अंगणातलं म्हातारं झाड आणि माहेरचं आडनाव

ओलीसुकी

आई सध्या माझ्याकडे स्कॉटलंडमध्ये डंडीला आली आहे. वाईची. वय बहात्तर, गुडघे कुरकुरतात, पण "घरात बसवायला आणलंस का मला?" हा प्रश्न दर शनिवारी सकाळी चहाबरोबर येतोच. किल्ले बघून झाले. "किल्ले आपल्याकडे याहून मोठे आहेत" असा शेराही मिळाला. म्हणून गेल्या शनिवारी तिला फोर्टिंगॉलला नेलं.

पर्थशायरच्या डोंगराळ भागात, ग्लेन लायन नावाच्या लांबलचक खोऱ्याच्या तोंडाशी हे गाव आहे. ॲबरफेल्डीपासून साधारण बारा-तेरा किलोमीटर पश्चिमेला. गाव म्हणजे काय, एक रस्ता, एक हॉटेल, गवताने शाकारलेली काही सुबक घरं आणि चर्च. संपलं. आईने गाडीतूनच विचारलं, "आलं? की गेलं?"

चर्च लहान आहे, फिकट गिलाव्याचं आणि स्लेटच्या छपराचं. आताची इमारत १९०१-०२ ची, म्हणजे या देशाच्या मानाने कालचीच. पण जागा फार जुनी. इथल्या मूळ चर्चचं नाव कोएडी या संताशी जोडतात. हा आयोना बेटावरचा बिशप, ७१२ मध्ये वारला. विमानातून काढलेल्या फोटोंमध्ये आजूबाजूच्या शेतांत एका जुन्या मठाच्या कुंपणाच्या खुणा दिसल्या आहेत. आत ओकच्या लाकडाचं कमानदार छत आहे आणि त्या काळातल्या कोरीव क्रूसशिळांचे तुकडे मांडून ठेवले आहेत. हातात धरून वाजवायची एक प्राचीन घंटाही इथे होती, ती २०१७ मध्ये चोरीला गेली. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "मेणवलीला आपली घंटा बघ, चर्चचीच आहे ना, वसईहून आणलेली." मी म्हटलं, आई, ती लढाईत आणली. तर म्हणे, "ज्यांची गेली त्यांना काय फरक पडतो?"

आता झाड. चर्चच्या अंगणात दगडी भिंत आणि लोखंडी गज यांच्या आत यूचं (yew, सदाहरित सूचिपर्णी) एक झाड आहे. ब्रिटनमधल्या सर्वांत जुन्या झाडांत याचं नाव पहिलं घेतात. दोन ते तीन हजार वर्षं असा अंदाज सांगतात, काहीजण पाच हजारापर्यंत ताणतात. आई गजांना नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली, "एवढंसं?"

खरं आहे. पहिल्या नजरेत निराशाच होते. वडासारखं काही भव्य नाही. मधला सगळा बुंधा कधीच नाहीसा झालाय आणि दोन-तीन वेगवेगळी झाडं शेजारी वाढावीत तसं दिसतं. मग जमिनीत ठोकलेल्या छोट्या लाकडी खुंट्या दाखवल्या. १७६९ मध्ये मोजलेला बुंध्याचा घेर या खुंट्यांनी आखून ठेवलाय. त्या वेळी एकाने बावन्न फूट मोजला, दुसऱ्याने साडेछप्पन. म्हणजे जवळजवळ सतरा मीटर. आईने खुंट्यांवरून बोट फिरवत हवेत गोल काढला आणि मग गप्प झाली.

तेव्हाच बुंधा मधोमध फाटलेला होता, आणि प्रेतयात्रा त्या फटीतून जायची असं सांगतात. पुढे लोकांनी तुकडे तोडून पेले आणि आठवणीच्या वस्तू बनवल्या, मुळाशी होळ्या पेटवल्या. एवढं होऊनही ते जगलं.

पण हा धागा झाडासाठी काढलेला नाही. झाड बघून झाल्यावर आई थडग्यांमधून फिरत होती. तिला इंग्रजी सावकाश वाचता येतं. एका दगडापाशी मला हाक मारली. "इकडे ये. ही याची बायको ना? मग हिचं आडनाव वेगळं कसं?"

दगडावर होतं: अमुक मॅकग्रेगर, आणि त्याची पत्नी तमुक मेन्झीज. शेजारच्यावर: अमुक स्ट्युअर्ट, पत्नी तमुक कॅम्पबेल. पुढच्यावरही तसंच. स्कॉटलंडमध्ये बाई लग्नानंतरही कायद्याने माहेरच्या आडनावानेच ओळखली जायची, आणि मेल्यावर दगडावर तेच कोरायचे. मी इतकी वर्षं इथे राहते, अशी दफनभूमी शंभर वेळा ओलांडली असेन. माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

परत येताना ॲबरफेल्डीपर्यंत आई काही बोलली नाही. मग म्हणाली, "दीडशे वर्षं पावसात उभी आहे बाई. माहेरच्या नावाने."

कुणी गेलंय का तिकडे? आणखी काही माहिती असेल तर लिहा.

बागुलबुवा

मस्त लिहिलंय. आईंचे शेरे एक नंबर.

पाँटियस पायलट तिथेच जन्मला म्हणतात ना? येशूला क्रूसावर चढवायचा हुकूम देणारा? त्याचा बाप रोमचा दूत म्हणून तिकडे आला होता आणि पायलट याच झाडाखाली खेळला, असं एका व्हिडिओत पाहिलं.

दगडफोड्या

बागुलबुवा, व्हिडिओवाल्याला सालं विचारा. पायलट ज्यूडियाचा (येशूच्या मुलखाचा) कारभार बघत होता इ.स. २६ ते ३६. म्हणजे जन्म त्याच्या काही दशकं आधीचा. रोमनांनी ब्रिटन जिंकायला सुरुवात केली ४३ मध्ये, आणि रोमन सेनापती ॲग्रिकोलाची फौज स्कॉटलंडमध्ये शिरली ७९-८० च्या सुमारास. पायलटच्या बापाला फोर्टिंगॉलमध्ये कुटुंब घेऊन कोण पाठवणार होतं? गावाजवळच्या शेतात एक चौकोनी उंचवटा आहे, त्याला 'प्रिटोरियम' म्हणजे रोमन छावणी म्हणायचे. ती निघाली मध्ययुगातल्या खंदकवाल्या वाड्याची जागा.

आपल्याकडे कुठल्याही लेण्यात गेलं की पांडव एका रात्रीत खोदून गेलेले असतात, त्यातलाच प्रकार. गावात खूप जुनं काहीतरी आहे हे गावाला माहीत असतं. मग त्या जुनेपणाला एक ओळखीचं नाव लागतं.

निवडुंग

झाडाबद्दल थोडं, कारण विषय माझा आहे (दापोलीत शिकले, पोट भरते भलत्याच कामावर).

यूचं वय सांगणं अवघड असतं, कारण म्हाताऱ्या यूचा गाभा कुजून पोकळ होतो. वलयं मोजायला मधलं लाकूडच उरत नाही. मग घेर, वाढीचा वेग, जुनी मोजमापं यांवरून अंदाज बांधायचे. म्हणून दोन हजार आणि पाच हजार हे दोन्ही आकडे एकाच पाटीवर सुखाने नांदतात. मी तरी 'दोन-तीन हजार' इथेच थांबेन. तेवढंही काय कमी आहे?

पोकळ होणं हा यूसाठी रोग नव्हे. बाहेरचं कवच जिवंत असतं, ते नवे फुटवे काढत राहतं, म्हणून एका झाडाची तीन दिसतात. तुमच्या आईंना 'एवढंसं' वाटलं ते याच युक्तीमुळे शिल्लक राहिलंय.

अजून एक गंमत. यूमध्ये नर झाड वेगळं, मादी वेगळी. फोर्टिंगॉलचं झाड नर म्हणूनच नोंदलेलं. २०१५ मध्ये एडिनबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमधल्या शास्त्रज्ञाला त्याच्या शेंड्याकडच्या एका फांदीवर लाल फळं दिसली. एकच फांदी मादी झालेली, बाकी सगळं झाड नरच. यू जातीत असं क्वचित होतं. या झाडाची कलमंही नेली आहेत. एडिनबराच्या बागेत जुन्या यू वृक्षांच्या कलमांचं एक लांब कुंपण करतायत, त्यात हेही आहे.

फळं दिसली तरी खाऊ नका. लाल गर सोडला तर बी, पानं, साल सगळं विषारी. आपल्याकडे हिमालयात याचा भाऊबंद आहे, उत्तराखंडात त्याला थुनेर म्हणतात.

ओलीसुकी

निवडुंग, धन्यवाद! आईला वाचून दाखवलं. "म्हातारपणी एक फांदी बाई झाली, बरं झालं, अक्कल आली" अशी प्रतिक्रिया आहे.

एक राहिलं. तिथे पाटी आहे, झाडाला हात लावू नका, फांद्या तोडू नका. २०१९ मध्ये बातम्याही आल्या होत्या की पर्यटक डहाळ्या तोडतात, फांद्यांना मणी आणि फिती बांधतात, त्याने झाडाला त्रास होतोय. आई म्हणाली, वटपौर्णिमेला लोक वडाच्या फांद्या तोडून घरी आणून पूजतात, तशातलंच.

चकली_जिरेवाली

ताई, मी हा धागा ऑफिसात वाचतेय आणि डोळे पुसतेय, शेजारची विचारतेय काय झालं.

माझं लग्नात आडनावच नाही, नावही बदललं. ताटात तांदूळ पसरले होते, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. मग सासूबाईंनी ते तांदूळ सारखे केले आणि आत नेऊन डब्यात ओतले. मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. बावीस वर्षांची होते, दागिन्यांकडे लक्ष होतं. आता माहेरची माणसं एक एक कमी होतायत आणि जुन्या नावाने हाक मारणारं एकच माणूस उरलंय, माझी मावशी.

दगडावर कोरायचं राहू दे, आपलं तर तांदळात.

दगडफोड्या

चकलीताई, तुमच्या प्रतिसादाखाली काही लिहायला नको खरं तर. पण स्कॉटलंड म्हणजे बायकांचा स्वर्ग होता असं कुणाला वाटायला नको म्हणून लिहितो.

नाव राहायचं, पण मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात. डोंगरी भागात कुळ जन्मावरून ठरायचं. मॅकग्रेगराशी लग्न केलं म्हणून मेन्झीज बाई मॅकग्रेगर कुळातली होत नसे. म्हणजे हा मान बाईचा जितका, तितकाच तिच्या बापाच्या कुळाचा. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात बोलण्यात 'मिसेस अमुक' आलंच. तरी मृत्यूच्या नोंदीत आणि दगडावर माहेरचं नाव टिकून राहिलं. आज वंशावळ शोधणारे लोक त्याच आधारावर आजीच्या आजीपर्यंत पोचतात. शेजारच्या इंग्लंडात त्यांचं हे काम अडतं.

अवांतर: मेन्झीजचा जुना उच्चार 'मिंगिस' आहे. जुन्या स्कॉट्स (इंग्रजीच्या जवळची इथली भाषा) लिपीत एक अक्षर होतं, 'य' आणि 'ग' यांच्या मधल्या उच्चाराचं. छापखान्यात तो खिळा नव्हता, म्हणून त्यांनी दिसायला जवळचा झेड लावला. अक्षर गेलं, झेड चिकटला.

मोडीप्रेमी

उच्चारांचा विषय निघालाच आहे तर फोर्टिंगॉलची माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट अजून कुणी सांगितली नाही.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स मॅकग्रेगर नावाचा माणूस या गावच्या चर्चचा विकार (vicar, म्हणजे पाद्री) होता. लिझमोर बेटावरच्या चर्चचा डीन, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरूही होता. त्याने आणि त्याच्या भावाने मिळून साधारण १५१२ ते १५४२ या काळात एक बाड तयार केलं. त्यात गेलिक (डोंगरी भागातली जुनी भाषा) कविता उतरवून घेतल्या, स्कॉटलंडच्या आणि आयर्लंडच्याही. 'लिझमोरच्या डीनचं बाड' म्हणून ते प्रसिद्ध आहे आणि आता एडिनबराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यातल्या कितीतरी कविता दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत.

मजा अशी की भाषा गेलिक, पण लिहिलीय स्कॉट्स भाषेच्या स्पेलिंगने, कानाला ऐकू येईल तशी. पारंपरिक गेलिक लेखनपद्धत बाजूला ठेवून. आपण मोबाइलवर रोमनमध्ये मराठी लिहितो ना, तसं. अभ्यासकांच्या डोक्याला ताप झाला, पण फायदाही झाला. त्या काळी त्या खोऱ्यात लोक प्रत्यक्ष कसं बोलायचे ते त्या वेड्यावाकड्या स्पेलिंगमधून कळतं.

आणि कवितांमध्ये फक्त शौर्य आणि देवभक्ती नाही हं. चावट कविताही आहेत. विकार साहेबांनी त्याही निगुतीने उतरवल्या.

बागुलबुवा

विकार साहेबांना आपला नमस्कार सांगा.

खारीवाटा

मी ग्लासगोजवळ राहतो. फोर्टिंगॉलला गेलो नाही, पण पर्थशायरमधल्याच एका खेड्यातल्या दफनभूमीत एकदा उभा राहिलोय, ते लिहितो.

माझ्या एका सहकाऱ्याचे वडील गेले. शेतकरी माणूस. चर्चमधली प्रार्थना झाली, बाहेर आलो, तर काळ्या कोटातल्या अंत्यविधीवाल्या माणसाने माझ्या हातात एक छोटं कार्ड दिलं. त्यावर शवपेटीची आकृती, कडेने एक ते आठ आकडे, आणि सहाच्या आकड्याला गोल केलेला. मला काहीच कळेना. सहकारी म्हणाला, "तू सहा नंबरची दोरी धर. बाबांना तू आवडायचास."

इथे पेटी खड्ड्यात सोडायचं काम घरची माणसं आणि मित्र करतात. पेटीला आठ दोऱ्या असतात, गोंडे लावलेल्या. डोक्याकडची एक नंबरची दोरी सर्वांत जवळच्या माणसाची. पायाकडची दोन नंबरची त्यानंतरच्याची. मग बाकीचे मानाप्रमाणे. कुणाला कुठली दोरी यावरून घराघरांत रुसवेफुगवेही होतात म्हणे. आपल्याकडे खांदा कोणी द्यायचा यावरून होतात तसेच.

इशारा झाला की सगळ्यांनी एकदम सैल सोडायचं. माझे हात घामाने ओले, खाली चिखल, दोरी अंगठ्याखालून सरकतेय आणि वजन हळूहळू कमी होत जातंय. मग एका क्षणी वजनच नसतं. सगळे दोरीचं टोक खड्ड्यात टाकतात. मी टाकायचं विसरलो. शेजारच्या आजोबांनी हळूच माझी बोटं सोडवली.

ते कार्ड अजून पाकिटात आहे.

ओलीसुकी

खारीवाटा, आज रात्री यापुढे काही वाचणार नाही.

निवडुंग

बायका धरतात का दोरी?

खारीवाटा

आता धरतात. त्या दिवशी दोन नंबरची मुलीकडे होती. पूर्वी मात्र कित्येक भागांत बायका कबरीपर्यंत जातच नसत, घरीच थांबायच्या. आईंनी पाहिलेल्या दगडावर नाव आहे, पण त्या बाईच्या मुली तिथे उभ्या होत्या की नाही, कोण जाणे.

दगडफोड्या

ओलीसुकी, पुढच्या वेळी जाल तेव्हा वाटेत लॉजिरेटला थांबा. ए-९ सोडून ॲबरफेल्डीच्या रस्त्याला लागलात की लगेच येतं. त्या चर्चच्या अंगणात तीन 'मॉर्टसेफ' आहेत. म्हणजे कबरीवर ठेवायचे लोखंडी पिंजरे. दोन मोठ्या माणसांच्या मापाचे आणि एक लहान मुलाच्या.

पिंजरा मेलेल्याला बाहेर येऊ न देण्यासाठी, असं काही गाइड रंगवून सांगतात. उलट आहे. जिवंत माणसांना आत जाऊ न देण्यासाठी. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला एडिनबराच्या वैद्यकीय शाळांना शरीररचना शिकवायला प्रेतं हवी होती आणि कायदेशीर मार्गाने मिळायची जेमतेम. मग रात्री ताजी कबर उकरून विकायचा धंदा सुरू झाला. घरच्यांनी काय करायचं? पिंजरा भाड्याने आणायचा, सहा-एक आठवडे कबरीवर ठेवायचा, प्रेत चिरफाडीच्या उपयोगाचं राहिलं नाही की काढून पुढच्या घराला द्यायचा. ज्यांना परवडत नसे ते आळीपाळीने रात्री पहारा द्यायचे. १८३२ च्या ॲनाटमी ॲक्टनंतर शाळांना दुसरा मार्ग मिळाला आणि पिंजरे गंजत पडले.

तो लहान पिंजरा बघून मी परत गाडीत येऊन बसलो होतो. बायकोने विचारलं काय झालं, सांगता येईना.

कोकणकडा

उशिरा आलो. बलक्विडरला गेलाय का कुणी? तिथे रॉब रॉय मॅकग्रेगर या गाजलेल्या स्कॉटिश बंडखोराची कबर आहे. १७३४ मध्ये वारला. पडक्या जुन्या चर्चसमोर, कठड्याच्या आत. कठड्यावर 'मॅकग्रेगर, त्यांच्या नाकावर टिच्चून' अशा अर्थाची ओळ आहे. त्या कुळाचं नाव घ्यायलाच एके काळी बंदी होती, १६०३ मध्ये घातलेली. मॅकग्रेगर म्हणवून घेतलं तर मरणाची शिक्षा. त्यामुळे लोक दुसरी आडनावं लावून जगले. ती बंदी कायमची उठली १७७४ मध्ये.

म्हणजे ओलीसुकीच्या आईंनी जो मॅकग्रेगरचा दगड वाचला, त्या घरात आडनाव टिकवणं ही बाईपेक्षा बाप्याचीच जुनी अडचण असेल!

मोडीप्रेमी

+१. हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे डीनचं बाड उतरवणारा विकारही मॅकग्रेगरच, बंदीच्या साठ ते नव्वद वर्षं आधीचा.

चकली_जिरेवाली

मला एक विचारायचंय. या जुन्या दफनभूमींची देखभाल कोण करतं? ओलीसुकी, गवत कापलेलं होतं का? चर्चं विकायला काढलीत असं वाचलं.

ओलीसुकी

गवत नीट कापलेलं होतं. दगड मात्र काही कलले आहेत, काहींवर शेवाळ.

चर्च ऑफ स्कॉटलंडची माणसं कमी झाली आहेत आणि खूप इमारती विक्रीला निघाल्या आहेत हे खरं. पण इमारत आणि दफनभूमी यांचे मालक बहुतेक ठिकाणी वेगळे असतात. १९२५ च्या कायद्याने गावोगावच्या चर्चची अंगणं स्थानिक शासनाकडे गेली. त्यामुळे उद्या चर्चचं कुणी राहतं घर केलं तरी दाराबाहेरच्या कबरी कौन्सिलच्याच. कबरीच्या जागेला इथे 'लेअर' म्हणतात. घराकडे तिचं प्रमाणपत्र असतं. म्हणजे पुरण्याचा हक्क, जमीन नव्हे. वर उभा केलेला दगड मात्र घरच्यांचा, त्याची जबाबदारीही त्यांची. घरचे गेले ऑस्ट्रेलियाला, तर कोण बघणार?

२०१५ मध्ये ग्लासगोत एका दफनभूमीत दगड अंगावर पडून लहान मुलगा गेला. त्यानंतर कौन्सिलं डुलणारे दगड तपासून आडवे करून ठेवायला लागली. बरोबरच आहे. पण लेख वर करून आडवा पडलेला दगड म्हणजे पाऊस आणि बर्फ थेट अक्षरांवर.

दगडफोड्या

अक्षरं वाचायची असतील तर एक सांगतो, कारण उत्साही लोक वाट लावतात. तारेचा ब्रश, ब्लीच, खडू, पीठ, काहीही लावू नका. वालुकाश्माचा पापुद्रा अक्षरासकट सुटून येतो. सकाळी किंवा संध्याकाळी जा, ऊन तिरकं पडतं तेव्हा पुसट अक्षरंही उठून दिसतात. ऊन नसेल तर (स्कॉटलंड आहे, नसेलच) बाजूने टॉर्च मारा. घरातला आरसा नेऊन उजेड तिरका टाकला तरी चालतं.

आणि अठराव्या शतकातले दगड असतील तर मागची बाजूही बघा. पुढे नाव, मागे कवटी, हाडं, वाळूचं घड्याळ, पंखवाला चेहरा. धंद्याच्या खुणाही असतात. लोहाराचा हातोडा आणि त्यावर मुकुट, विणकराचा धोटा, शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ. वाचता न येणाऱ्यालाही कळावं कोण झोपलंय ते.

बागुलबुवा

माझ्या दगडावर काय कोरतील? लॅपटॉप आणि चार्जर?

निवडुंग

चार्जर तुटलेला.

कोकणकडा

ओलीसुकी, गावासमोरच्या शेतातला ढिगारा बघितला का? गेलिक नाव 'कार्न नम मारव', मेलेल्यांची रास. धागा चर्चचा आहे पण हा ढिगारा सुटायला नको.

ओलीसुकी

बघितला, रस्त्यावरूनच. शेतात गाई होत्या आणि आईला गाईंपेक्षा चिखलाची भीती.

मूळ ढिगारा कांस्ययुगातला आहे. त्यावर एक दगड उभा आहे, 'प्लेगचा दगड'. त्यावर लिहिलंय की चौदाव्या शतकातल्या मोठ्या प्लेगमध्ये मेलेले इथे आहेत, आणि त्यांना पांढऱ्या घोड्याच्या घसरगाडीवरून एका म्हाताऱ्या बाईने इथे आणलं.

त्या गावात तेव्हा किती माणसं उरली असतील कुणास ठाऊक. पुरायला चर्चचं अंगण पुरलं नसेल किंवा हात पुरले नसतील, म्हणून सगळ्यांना हजारो वर्षांपूर्वीच्या ढिगाऱ्यात ठेवलं. आणि ते काम केलं एका म्हातारीने.

याच ढिगाऱ्यावर नोव्हेंबरात 'सावन'ची (Samhain, आपला श्रावण नव्हे) होळी पेटवायचे. हिवाळा सुरू होतानाचा त्यांचा जुना सण. सगळं गाव हात धरून भोवती फेर धरायचं. १९२४ मध्ये शेवटची पेटली. डोंगरावरचं झुडूप जाळायला नेतात, मग शिकारीच्या पक्ष्यांना आसरा राहत नाही, अशी इस्टेटीच्या शिकाररक्षकाची तक्रार होती म्हणतात.

चकली_जिरेवाली

म्हातारीचं नाव नाही का दगडावर?

ओलीसुकी

नाही. घोड्याचा रंग आहे.

मोडीप्रेमी

…

चकली_जिरेवाली

खरं म्हणजे आपल्याकडे बायकांची नावं एकाच ठिकाणी कोरलेली सापडतात. भांड्यांवर. माझ्या आजीच्या परातीवर तिचं नाव आहे, टिंबाटिंबांनी कोरलेलं, खाली तारीख. सातबाऱ्यावर नव्हतं कधी.

ओलीसुकी

चकली, तुझा प्रतिसाद काल रात्री आईला वाचून दाखवला. तिने लगेच वाईला वहिनीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पहाटेचे साडेचार. "माळ्यावरचं पितळेचं पातेलं काढ, मोठं, कडीचं."

वहिनी बिचारी स्टुलावर चढली. पातेलं निघालं, काळंकुट्ट. आई इकडून सांगतेय, उलटं कर, कडेला बघ, नाही तिथे नाही, कडीच्या खाली. वहिनीने चिंचेचा कोळ लावून अंगठ्याने घासलं. मग टॉर्च बाजूने मारायला मी सांगितलं, दगडफोड्यांची युक्ती. दिसलं. 'कु.' आणि पुढे चार अक्षरं, आईच्या माहेरच्या नावाची आद्याक्षरं. लग्नाआधी तिच्या वडिलांनी घालून घेतलेलं. लग्नात दिलेल्या बाकी सगळ्या भांड्यांवर 'सौ.' आहे.

वहिनी म्हणाली, आई, हे तर मी भंगारात द्यायला काढलं होतं दिवाळीला.

कोकणकडा

मी पुढच्या महिन्यात एडिनबराला येतोय, एक दिवस मोकळा आहे. लॉजिरेट, ॲबरफेल्डी, फोर्टिंगॉल असं एका दिवसात होईल ना? गाडी कुठे लावली होतीत?

ओलीसुकी

आरामात होईल. दोन-सव्वादोन तासांचा रस्ता आहे. मी चर्चजवळ रस्त्याच्या कडेलाच लावली होती, हॉटेलच्या अंगणात लावू नका. नोव्हेंबरात चारला अंधारतं, तेव्हा सकाळी लवकर निघा. आणि बूट चिखलाचे घ्या, ढिगाऱ्यापर्यंत गेलात तर फोटो टाका.